निवृत्तीनंतरचा स्टाफ पास: तिकीट हातात, जागा रामभरोसे

विमान कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाईक हमखास विचारतात, "आता काय बुवा, आयुष्यभर फुकट विमान!" पण ते क्वचितच फुकट असतं, आणि आयुष्यभराची हमीही कोणी देत नाही. पासाचा खरा अर्थ एवढाच: विमानाचं दार लागायच्या वेळी एखादी खुर्ची रिकामी असेल आणि रांगेत तुमच्या पुढचे सगळे बसून झाले असतील, तर त्या खुर्चीवर बसायची परवानगी.

निवृत्तीनंतर या रांगेतला तुमचा क्रमांक बहुतेक ठिकाणी खाली जातो. पण नोकरीत असताना नसलेली एक गोष्ट हाती येते, ती म्हणजे वेळ. सोमवारी कामावर हजर व्हायचं नाही, त्यामुळे आजचं विमान भरलं तर उद्याचं, उद्याचं भरलं तर परवाचं. पास नीट वापरणारे निवृत्त लोक हा वेळच खर्च करतात. ज्यांना तो खर्च करायचा नसतो ते गेटवर चिडलेले दिसतात.

प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. पुढची माहिती सर्वसाधारण पद्धतीची आहे. आकडा किंवा अट आली की आपल्या कंपनीच्या धोरणाशी ताडून पाहायची.

शेवटच्या दिवसाआधी करायची कामं

निवृत्तांचे बरेचसे घोटाळे पहिल्या प्रवासाच्या कितीतरी आधी, कार्यालयातल्या शेवटच्या महिन्यात जन्म घेतात. सर्वांत मोठा घोटाळा ई-मेलचा. पासाची तिकिटं ज्यावरून काढायची त्या कंपनीच्या पोर्टलचं खातं कंपनीच्या ई-मेलला जोडलेलं असतं, लॉगिनचा कोड त्याच पत्त्यावर किंवा कंपनीच्या फोनवर येतो आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी दोन्ही बंद होतात. मग पासवर्ड बदलायचा तर कोड येणार त्या बंद पडलेल्या पत्त्यावर. म्हणून किमान महिनाभर आधी खासगी ई-मेल आणि स्वतःचा मोबाइल नोंदवा आणि त्यावरून एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. नोंद झाली म्हणजे चालू झालं असं समजू नका. काही कंपन्यांत निवृत्तांचं पोर्टलच वेगळं असतं आणि त्याचं खातं उघडायला निवृत्तीनंतर काही दिवस जातात. तो काळ प्रवासाच्या बेतात धरू नका.

दुसरं काम पात्रतेचं. निवृत्तीचं वय, सेवेची वर्षं किंवा दोन्हींची बेरीज यावर पास ठरतो. राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती आणि नियत वयाची निवृत्ती यांत फरक केला जातो. एखाददुसऱ्या महिन्याने अट हुकत असेल तर तारीख पुढे ढकलता येते का, हे कागदावर सही करण्याआधी विचारा, कारण सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो. सेवेत खंड असेल, बिनपगारी रजा असेल किंवा मधल्या काळात दुसऱ्या उपकंपनीत बदली झाली असेल, तर सेवा कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते लेखी घ्या. बऱ्याच कंपन्यांत ज्येष्ठताही याच तारखेवरून ठरते, म्हणजे पुढची कित्येक वर्षं गेटवरचा तुमचा क्रमांक त्या एका ओळीवर अवलंबून राहतो.

तिसरं, पात्र नातेवाइकांची नोंद. पती किंवा पत्नी, ठरावीक वयापर्यंतची अवलंबून मुलं, आणि काही ठिकाणी आईवडील. नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षरानं अक्षर जुळवून भरा. लग्नाआधीचं आडनाव, गळलेलं मधलं नाव, पहिलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल, यांपैकी कोणतीही चूक घरच्या फॉर्मवर क्षुल्लक दिसते, पण काउंटरवर त्याच चुकीपायी बोर्डिंग पास अडतो. नोकरीत असताना ही दुरुस्ती शेजारच्या टेबलावर जाऊन होते. निवृत्तीनंतर त्याच कामाला अर्ज, पुरावा आणि वाट पाहणं आलं.

सेवा प्रमाणपत्र, निवृत्तांचं ओळखपत्र आणि त्या दिवशी लागू असलेल्या प्रवास धोरणाची प्रत या तीन गोष्टी घेतल्याशिवाय इमारत सोडू नका. धोरण पुढे बदलेलच, पण तुम्ही निघालात तेव्हा काय कबूल केलं होतं त्याचा कागद जवळ असावा.

पासावरची अक्षरं आणि आकडे

आयडी म्हणजे विमान उद्योगातल्या कर्मचाऱ्यांची सवलत आणि त्यापुढचा आकडा सवलतीचा टक्का. आयडी ९० मध्ये मूळ भाड्याच्या १० टक्के भरायचे, आयडी ७५ मध्ये २५ टक्के, आयडी ५० मध्ये निम्मे. आयडी ०० दिसलं तर भाडं शून्य, असा उलटा अर्थ घ्यायचा. हा टक्का कुठल्या भाड्यावर लागतो ते बघायला हवं. तो बहुधा कंपनीच्या जाहीर केलेल्या पूर्ण भाड्यावर लागतो, बाजारात चाललेल्या स्वस्त भाड्यावर नाही. त्यामुळे आयडी ५० चं तिकीट कधीकधी साध्या प्रवाशाच्या तिकिटापेक्षा महाग पडतं. गर्दी नसलेल्या दिवसांत साधं तिकीटही शोधून पाहणं शहाणपणाचं.

त्यानंतर येतात आर१ आणि आर२. आर१ म्हणजे जागा राखून मिळालेली, आर२ म्हणजे जागा असेल तर, ज्याला स्टाफमध्ये सबलोड किंवा स्टँडबाय म्हणतात. निवृत्तांच्या वाट्याला मुख्यतः आर२ येतं. वर्षाकाठी एखाददुसरा आर१ मिळत असेल तर तो दिवाळीच्या फराळासारखा पुरवून वापरा. घरचं लग्न, ठरलेली क्रूझ, वैद्यकीय तपासणी अशा तारीख न हलणाऱ्या प्रवासासाठीच तो राखावा, कारण मोकळ्या दिवसांतल्या रिकाम्या विमानात आर२ वरही जागा मिळतेच.

भाडं शून्य असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क बहुधा भरावं लागतं. काही विमानतळांवरून निघताना ते भाड्यापेक्षाही जास्त असतं. सवलतीच्या तिकिटावर साधारणपणे फ्रिक्वेंट फ्लायरचे माइल जमा होत नाहीत.

दुसऱ्या कंपनीचं विमान: झेड भाडं

आपल्या कंपनीचं विमान जिथे जात नाही तिथे झेड (झोनल एम्प्लॉयी डिस्काउंट, म्हणजे अंतराच्या पट्ट्यांवर ठरणारी कर्मचारी सवलत) कामाला येतं. दोन कंपन्यांत करार असेल तर एकीचे कर्मचारी दुसरीच्या विमानाने ठरावीक भाड्यात जाऊ शकतात. हे भाडं अंतराच्या पट्ट्यांवर ठरतं. पट्टे नऊ: पहिला ४५० मैलांपर्यंत, दुसरा ७५० पर्यंत, तिसरा १,६०० पर्यंत, चौथा ३,२०० पर्यंत, असं करत नववा ७,१०० मैलांच्या पुढचा. शिवाय लो, मीडियम आणि हाय अशा तीन पातळ्या असतात. कुठली पातळी लागू होणार ते त्या दोन कंपन्यांच्या करारावर अवलंबून. शेजारच्या कंपनीतल्या निवृत्त मित्राला त्याच विमानाचं भाडं कमी पडलं म्हणून आपल्यावर अन्याय झाला असं मानायचं कारण नाही, त्याच्या कंपनीचा करार वेगळा असतो.

नवख्यांना इथे एक गोष्ट महागात पडते. भाडं प्रत्येक उड्डाणाचं वेगळं मोजतात. दोन शहरांत सरळ अंतर २,००० मैल असेल तर थेट विमानाला चौथ्या पट्ट्याचं एकच भाडं लागतं. मधल्या शहरातून १,२०० आणि १,१०० मैल असे दोन तुकडे केले तर तिसऱ्या पट्ट्याचं भाडं दोनदा, शिवाय कर आणि जागेची अनिश्चितताही दोनदा. तरीही थेट विमान रोज भरून जात असेल तर दोन तुकडे परवडतात. तो निर्णय लोड बघून घ्यायचा.

करारातली दुसरी गोम म्हणजे आपली कंपनी निवृत्तांना पास देते म्हणून समोरची कंपनी निवृत्तांना घेतेच असं नाही. काही करार फक्त नोकरीतल्यांसाठी असतात, काहींत निवृत्त चालतात पण त्यांचे आईवडील नाहीत, काहींत नातेवाइकांना कर्मचारी सोबत असल्याशिवाय जाता येत नाही. हे सगळं त्या कंपनीच्या नावापुढच्या अटींत लिहिलेलं असतं. अनेक कंपन्या झेड तिकिटं मायआयडीट्रॅव्हल या पोर्टलवरून काढतात. तिथे कंपनी निवडली की त्याच पानावर अटींचा दुवा दिसतो. चेक-इन कुठे करायचं, पोशाख कसा हवा, बंदीच्या तारखा (स्टाफ तिकीट चालत नाही ते दिवस) कोणत्या, सामान किती, सगळं त्यात असतं. पाच मिनिटं लागतात, पण बहुतेक लोक ते वाचत नाहीत आणि मग काउंटरवर वाद घालतात.

लोड वाचायला शिका

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. लोड म्हणजे त्या उड्डाणाच्या भरणीचा हिशेब. त्यात चार आकडे लागतात: एकूण खुर्च्या, बुक झालेले प्रवासी, चेक-इन झालेले प्रवासी आणि लिस्ट झालेला, म्हणजे स्टँडबायच्या यादीत नाव घातलेला, स्टाफ.

प्रवाशांना विकायच्या जागांचा तक्ता म्हणजे लोड नव्हे. त्या तक्त्यात वाय९, जे४ असं काही दिसतं. वाय हे इकॉनॉमीचं अक्षर, जे बिझनेसचं. नऊचा अर्थ नऊ किंवा त्याहून जास्त तिकिटं विकायला तयार आहोत, इतकाच. कंपनी खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकत असेल तर विमान भरलेलं असूनही वाय९ दिसू शकतं. उलट वाय० दिसतं तेव्हा दहा खुर्च्या रिकाम्या जाण्याचीही शक्यता असते, कारण काही प्रवासी येतच नाहीत. म्हणून खरा लोड आपल्या पोर्टलवर बघा. दुसऱ्या कंपनीचा हवा असेल तर तिच्या स्टाफ ट्रॅव्हल विभागाला किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारा. कर्मचाऱ्यांना एकमेकांकडून लोड मिळवून देणारी स्टाफट्रॅव्हलर सारखी ॲपही आहेत.

आता हिशेब. समजा १८० खुर्च्यांचं विमान आहे. १६२ बुक आहेत, म्हणजे १८ मोकळ्या. स्टाफ यादीत तुमच्या पुढे ११ जण आणि तुम्ही दोघं, म्हणजे क्रमांक १२ आणि १३. पाच खुर्च्या उरतात, प्रश्नच नाही असं वाटतं. इतक्यात सकाळचं एक विमान रद्द होतं आणि त्यातले सहा प्रवासी या विमानावर वळवले जातात. मोकळ्या उरल्या १२. क्रमांक १२ ला जागा मिळाली, १३ राहिला. म्हणजे दोघांपैकी एकच जाणार.

ही वेळ गेटवर येते तेव्हा विचार करायला दोन मिनिटंही नसतात. एकानं पुढे जायचं की दोघांनी मागे राहायचं, हे घरून निघण्याआधी ठरवलेलं असावं. दोघांची नावं एकाच पीएनआरमध्ये असतील आणि वेगळं जायची तयारी असेल तर तसं गेटवर आधीच सांगा, नाहीतर एक खुर्ची दिसत असूनही दोघांना एकत्र मागे ठेवलं जाऊ शकतं. वेगळं जाणार असाल तर पासपोर्ट, औषधं, घराची किल्ली आणि पैसे ज्याचे त्याच्याजवळ. एकाच्या बॅगेत दोघांची औषधं ठेवणं ही नेहमीची चूक.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही, ती म्हणजे वजन. कडक उन्हात किंवा उंचावरच्या विमानतळावर हवा विरळ असते आणि विमानाला तेवढं वजन उचलता येत नाही. लांबच्या उड्डाणाला समोरून जोराचा वारा असेल किंवा पोचायच्या ठिकाणी हवामान खराब असेल तर इंधन जास्त भरावं लागतं. अशा वेळी वीस खुर्च्या रिकाम्या दिसत असूनही एकही स्टाफ घेतला जात नाही. तो कर्मचाऱ्याचा आडमुठेपणा नव्हे. त्यावर तोडगा एकच, तेच ठिकाण थंड वेळेत सुटणाऱ्या विमानाने गाठणं. म्हणजे पहाटेचं किंवा रात्री उशिराचं.

पहाटेच्या विमानाचा दुसरा फायदाही आहे. यादीत राहिलात तर दिवसभरात पुढची विमानं शिल्लक असतात. दिवसाच्या शेवटच्या विमानावर भिस्त ठेवणाऱ्याला मुक्काम ठरलेला. मात्र सकाळचं विमान राहिलं की तिथला सगळा उरलेला स्टाफ पुढच्या यादीत शिरतो आणि गर्दी दिवसभर साठत जाते. म्हणून दिवसाला एकच विमान असलेल्या गावापेक्षा जवळच्या मोठ्या विमानतळाचा रस्ता धरणं, आणि उरलेलं अंतर रेल्वेने किंवा बसने कापणं, पुष्कळदा सोपं जातं. शाळेच्या सुट्ट्यांची सुरुवात आणि शेवट, मोठ्या सणांचा आठवडा, लांब वीकएंड हे दिवस निवृत्तांनी टाळावेत. नोकरीतल्यांना तेच दिवस मिळतात आणि यादीत ते तुमच्या पुढे असतात.

तिकीट वेगळं, लिस्टिंग वेगळं

तिकीट म्हणजे पैसे भरल्याचा पुरावा. लिस्टिंग म्हणजे त्या उड्डाणाच्या यादीत नाव घालणं. काही पोर्टलांवर दोन्ही एकाच वेळी होतं, काहींवर नाही. नाव न घालता नुसतं तिकीट घेऊन आलेला माणूस काउंटरवर "यादीत नाहीत" हे ऐकून गोंधळतो. तिकीट काढल्यावर आलेल्या ई-मेलमध्ये पीएनआर आणि तेरा आकडी तिकीट क्रमांक दोन्ही आहेत ना ते बघा. तिकीट क्रमांकाचे पहिले तीन आकडे ते तिकीट कोणत्या कंपनीनं काढलं ते सांगतात. ०९८ एअर इंडिया, १२५ ब्रिटिश एअरवेज, १७६ एमिरेट्स, २२० लुफ्तान्सा, ६१८ सिंगापूर एअरलाइन्स. ही माहिती परताव्याच्या वेळी लागते, कारण पैसे परत मागायचे ते तिकीट काढणाऱ्या कंपनीकडे. ज्या कंपनीच्या विमानात जागा मिळाली नाही तिच्या काउंटरवर नाही.

बेत बदलला की आधी लिस्टिंग बदला. जुन्या उड्डाणावरचं नाव न काढता दुसऱ्यावर घातलं तर नोंद दुहेरी होते. न येणाऱ्या स्टाफचं नाव यादीत राहिलं की मागचे लोक हिशेब चुकून परत फिरतात, म्हणून अनेक कंपन्या अशा गैरहजेरीची नोंद ठेवतात आणि ती वारंवार झाली तर पास काही काळ बंद करतात. नाव काढायला मिनिटभर लागतं.

विमानतळावर

ऑनलाइन चेक-इन कधी उघडतं ते बघून ठेवा. काही कंपन्यांत एकाच गटातल्या स्टाफची क्रमवारी ज्येष्ठतेनं लागते, काहींत आधी चेक-इन करील तो पुढे. दुसऱ्या प्रकारात दहा मिनिटांचा उशीरही जागा घालवतो. आपल्या कंपनीचे नोकरीतले लोक, मग आपले निवृत्त, मग दुसऱ्या कंपन्यांचा स्टाफ, असा क्रम बऱ्याच ठिकाणी असतो, पण निवृत्तांना नोकरीतल्यांच्या बरोबरीनं धरणाऱ्या कंपन्याही आहेत. यामुळेच आपल्या कंपनीचं आणि दुसऱ्या कंपनीचं विमान दोन्ही जात असतील तर आधी आपल्याच कंपनीच्या यादीत उभं राहायचं.

काउंटरवर तुम्हाला बोर्डिंग पासऐवजी स्टँडबाय कार्ड मिळेल, खुर्चीचा क्रमांक नसलेलं. काही ठिकाणी मात्र स्टाफला सुरक्षा तपासणीच्या आत सोडतच नाहीत, काउंटर बंद होईपर्यंत बाहेरच थांबवतात. म्हणजे जागा मिळाली तर उरलेल्या मिनिटांत इमिग्रेशन, तपासणी आणि गेट. गुडघे दुखत असतील तर ही धावपळ आधी हिशेबात घ्या. व्हीलचेअर लागत असेल तर लिस्टिंगच्या वेळीच नोंदवा, गेटवर मागून ती वेळेत येईलच असं नाही.

शक्यतो केबिन बॅगेतच सगळं बसवा. तुम्ही सर्वांत शेवटी चढणार, तोवर वरचे कप्पे भरलेले असतात आणि बॅग दारातच घेऊन खाली पाठवली जाते. तेव्हा पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि पॉवर बँक बॅगेतून काढून घ्यायची असतात. पॉवर बँकेसारखी सुटी लिथियम बॅटरी सामानकक्षात चालत नाही. या चार वस्तू एका छोट्या पिशवीत वरच ठेवा, म्हणजे दारात बॅग उलटीपालटी करावी लागत नाही.

पोशाखाचे नियम पूर्वीइतके कडक राहिले नसले तरी अटींत लिहिले असतील तर पाळावेच लागतात. इस्त्रीचे कपडे आणि बंद बूट घातले की कुठेच अडत नाही, बिझनेसमध्ये जागा निघाली तरी.

गेटवरच्या कर्मचाऱ्याला नाव आणि क्रमांक सांगून बाजूला, पण हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर बसा. दर पाच मिनिटांनी "किती जागा आहेत?" विचारून यादी हलत नाही. "मी या कंपनीत तीस वर्षं होतो" हे वाक्यही गेटवर चालत नाही. यादी संगणक लावतो. खुर्ची मिळाली तर मिळेल तीच घ्यायची. आपत्कालीन दाराजवळची मिळाली आणि ते दार उघडण्याइतकी ताकद हातात नसेल तर तसं लगेच सांगा. लपवू नका.

जागा मिळाली नाही तर

गेट सोडण्याआधी दोन कामं. पहिलं, नाव पुढच्या उड्डाणावर गेलं का ते विचारा. आपल्या कंपनीत ते बहुधा आपोआप जातं, दुसऱ्या कंपनीत पुष्कळदा जात नाही.

दुसरं काम बहुतेकांना माहीत नसतं आणि परतावे इथेच अडकतात. प्रत्येक तिकिटाच्या प्रत्येक उड्डाणाला एक स्थिती असते: न वापरलेलं, चेक-इन झालेलं, विमानात चढलेलं, वापरून झालेलं. तुम्ही चेक-इन केलं, जागा मिळाली नाही आणि घाईत कर्मचाऱ्यानं तुम्हाला यंत्रणेतून नीट ऑफलोड केलं नाही, म्हणजे त्या उड्डाणावरून काढलं नाही, तर तिकीट 'चेक-इन झालेलं' असंच राहतं. पुढच्या विमानाला ते चालत नाही आणि परतावा मागितला तर "तिकीट वापरात आहे" असं उत्तर येतं. म्हणून शांतपणे एवढंच म्हणा, "तिकीट परत ओपन करून द्याल का?" स्टँडबाय कार्डाचा आणि यादीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

परतावा आपोआप येत नाही, अर्ज करावा लागतो, आणि त्याला मुदत असते. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी. प्रवास संपल्यावर आठवडाभरात न वापरलेली तिकिटं परताव्याला घालायची सवय ठेवली तर मुदत बघायचीही गरज उरत नाही.

परतीचा प्रवास खर्चाच्या हिशेबात वेगळा धरा. जाताना राहिलात तर घरी परतता येतं. येताना राहिलात तर परक्या गावात हॉटेल. तीन रात्रींचं भाडं आणि एका साध्या एकेरी तिकिटाचे पैसे बाजूला असल्याशिवाय स्टँडबायवर दूर जाऊ नका. औषधंही बेतापेक्षा किमान आठवडाभर जास्तीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

व्हिसा आणि विमा

व्हिसाची मुदत बेताच्या शेवटच्या दिवसाला संपत असेल तर स्टँडबाय प्रवाशाच्या गळ्याला फास लागतो. आठवडा-दहा दिवस जादा धरून अर्ज करा. मधल्या देशात फक्त विमान बदलणार असाल तरी काळजी घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सवलतीच्या तिकिटांवर सामान बहुधा शेवटपर्यंत पाठवत नाहीत. ते घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे त्या देशात दाखल व्हायचं, आणि त्याला व्हिसा लागू शकतो. शिवाय तिथे राहिलात तर रात्र कुठे काढणार, हा प्रश्न आहेच. कंपन्या कागदपत्रं तपासायला टिमॅटिक ही प्रणाली वापरतात. त्यात जे दिसतं त्यावरच काउंटरवर निर्णय होतो. परतीचं तिकीट दाखवावं लागणाऱ्या देशात स्टँडबाय तिकीट ग्राह्य धरतील का, हे निघण्याआधी विचारा.

प्रवास विमा जरूर घ्या, मुख्यतः आजारपणासाठी. पण स्टँडबायवर जागा न मिळणं हा नुकसानीचा प्रसंग म्हणून बहुतेक पॉलिसी धरत नाहीत. प्रवाशांच्या हक्कांचंही तसंच. विमान रद्द झालं किंवा फार उशिरा सुटलं तर भरपाई देणारा युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम फुकट प्रवास करणाऱ्यांना आणि सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्यावर जाणाऱ्यांना लागू होत नाही, हे त्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिलं आहे. फ्रिक्वेंट फ्लायरच्या पॉइंटांवर काढलेल्या तिकिटाला मात्र तो लागू होतो. न टाळता येणाऱ्या प्रवासाला पॉइंट वापरावेत ते यासाठीही.

बातम्यांवर लक्ष

पास ही कंपनीनं दिलेली सवलत आहे आणि तिचं आयुष्य कंपनीइतकंच. पॅन ॲम ४ डिसेंबर १९९१ ला बंद पडली, जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. ज्या कंपनीचं विमानच उडत नाही तिच्या पासावर बसणार कुठे? दुसऱ्या कंपन्यांशी असलेले करारही तिच्याच नावावर असतात, तेही गळतात. पगार थकल्याच्या, विमानं भाडेमालकांनी परत नेल्याच्या बातम्या येऊ लागल्या की न वापरलेल्या तिकिटांचा परतावा आधी मागा आणि परतीचा प्रवास त्या कंपनीवर ठेवू नका.

विलीनीकरणाची गोष्ट वेगळी. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तशा घटनांत उड्डाण क्रमांक, पोर्टल आणि कराराची यादी बदलू शकते. अशी घोषणा झाली की जुन्या पोर्टलवरची सेवेची नोंद, नातेवाइकांची यादी आणि तिकिटांच्या पावत्या उतरवून घ्या. नवीन पोर्टलवर पहिलं लॉगिन झालं की सेवेची तारीख बरोबर आली का ते सर्वांत आधी तपासा.

एरवी महिन्यातून एकदा पोर्टलवर चार गोष्टी बघितल्या तरी पुरे: बंदीच्या तारखा, कोणत्या कंपनीचा करार संपला किंवा नवा झाला, ओळखपत्राची मुदत आणि हयातीचा दाखला द्यायची तारीख. निवृत्तांच्या संघटनेचं सभासदत्व घ्या, पण तिच्या गटात फिरणारा निरोप पोर्टलवर दिसेपर्यंत खरा मानू नका. "तुमचा पास आज बंद होणार, इथे क्लिक करा" असे निरोप निवृत्तांना हेरून पाठवले जातात. दुवा न उघडता पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करायचा.

मित्रमंडळींसाठी मिळणारे पास विकणं, त्यावर "खर्चापुरते" चार पैसे जास्त घेणं किंवा ते नेटवर टाकणं यात घरच्या सर्वांचे पास कायमचे जाऊ शकतात. ज्याला पास दिला त्यानं गेटवर केलेला तमाशाही तुमच्याच खात्यावर लागतो. त्यामुळे नाही म्हणता येत नसेल अशा भाच्याला पास देण्यापेक्षा साधं तिकीट काढून देणं स्वस्त पडतं. काही देशांत अशा पासांची किंमत उत्पन्नात धरून कर लावतात, तेही आधी विचारून घ्या.

जोडीदारासाठी एक पान

पोर्टल बहुतेक घरांत एकट्या निवृत्त कर्मचाऱ्यालाच चालवता येतं. त्याच्या पश्चात पती किंवा पत्नीला पास चालू राहतो का, किती वर्षं आणि पुनर्विवाह झाल्यास काय, हे धोरणात असतं, पण त्यासाठी कंपनीला ठरावीक मुदतीत कळवावं लागतं. म्हणून एका कागदावर कर्मचारी क्रमांक, सेवेची तारीख, पोर्टलचा पत्ता, नोंदवलेला ई-मेल आणि मोबाइल, स्टाफ ट्रॅव्हल विभागाचा फोन, आणि कळवताना लागणारी कागदपत्रं लिहून पासपोर्टांच्या पाकिटात ठेवा. मोबाइलचा नंबर निवृत्ताच्या नावावर असेल तर तो लगेच बंद करू नका, हेही त्यावर लिहा. लॉगिनचा कोड त्याच नंबरवर येतो.